सारख्या दिवसाची पाळी

उदगीरहून देगलूरकडे जाताना शिवेच्या ओढ्याजवळ एक जुनी विहीर आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला वरली वाडी, ती नांदेड जिल्ह्यात. खालच्या अंगाला खालली वाडी, ती लातूर जिल्ह्यात. दोन्हींत चाळीस-चाळीस घरे. विहिरीपासून पन्नास पावलांवर आणखी एकच घर होते, ते कोणत्याच वाडीत धरत नसत. त्या घरात माणिकप्पा राहायचे. सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला हे रोज सांगणे, एवढेच त्यांचे काम होते.

हे सांगायला माणूस कशाला लागतो, असे मलाही आधी वाटले होते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते मार्च एकोणीसशे शहाऐंशीमध्ये. लातूर जिल्हा होऊन साडेतीन वर्षे झाली होती आणि मी बी.कॉम. होऊन नुकताच तिथल्या कार्यालयात लिपिक म्हणून लागलो होतो. आदल्या पावसाळ्याने दगा दिला होता. टंचाईच्या कामासाठी गावोगावच्या विहिरींची यादी करायला मला पाठवले होते. यादीत गाव, तालुका, विहिरीची खोली, पाणी किती, असे रकाने होते. बाकी सगळीकडे ते भरले. या विहिरीपाशी मात्र पहिल्याच रकान्याला अडलो, कारण विहीर कोणत्या गावाची, याचे उत्तर दिवसा एक होते आणि रात्री दुसरे.

विहिरीच्या तळाशी काळा खडक आहे आणि त्याच्या एका कपारीतून झरा येतो. त्या वर्षी तो तासाला चाळीस घागरी पाणी देत होता. दिवसा तेवढेच, रात्री तेवढेच. त्यामुळे पाणी वाटायचे म्हणजे वेळ वाटायची. सिद्धराम म्हणजे माणिकप्पांचे वडील तरुण असताना, निजामाच्या अमलात, या वेळेवरून दोन्ही वाड्यांत कुऱ्हाडी निघाल्या होत्या आणि एका माणसाचा हात गेला होता. तेव्हा पंचांनी फैसला केला. उगवतीपासून मावळतीपर्यंत झिरपेल ते पाणी एका वाडीचे, मावळतीपासून उगवतीपर्यंतचे दुसरीचे. अंधार पडेपर्यंत थोडे काढून झाले की रात्रीचे बाकीचे पाणी विहिरीतच साठे आणि पहाटे, सूर्य वर येण्याच्या आत, त्या वाडीच्या बायका ते खडक दिसेपर्यंत काढून नेत.

पण दिवस आणि रात्र कायम सारखे राहत नाहीत. उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात रात्र मोठी. आणि पाण्याची खरी ओढ उन्हाळ्यात. म्हणून पंचांनी पुढे असेही ठरवले, की वर्षातून एकदा, दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवशी, पाळी फिरवायची. यंदा दिवस ज्यांचा, पुढच्या वर्षी रात्र त्यांची. उन्हाळ्याचा मोठा दिवस एक वर्षाआड दोघांनाही मिळावा, हा हेतू. सारखा दिवस कोणता हे पंचांनी पंचांगावरून काढले. मेष संक्रांत. म्हणजे आपल्या इंग्रजी महिन्याच्या हिशोबाने तेरा-चौदा एप्रिल.

उगवत-मावळत सांगायला दोन्ही वाड्यांबाहेरचा माणूस हवा होता. सिद्धराम दोन्हींच्या मधल्या रानात राहायचे, म्हणून ते काम त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या पाठीमागे माणिकप्पांकडे. एका बाभळीच्या काठीवर हा सगळा कारभार चाले. मावळतीला माणिकप्पा ती काठी विहिरीच्या वरच्या पायरीवर आडवी ठेवत. आतली बाई बाहेर येई, मग काठी उचलत आणि दुसरी वाडी आत उतरे. पहाटे तेच उलट. काठी आडवी असताना कोणी पायरी ओलांडत नसे. या कामाबद्दल त्यांना प्रत्येक पालटाला एक घागर मिळे. त्यांच्या घराला पाणी तेवढेच.

सव्वीस वर्षे हा माणूस उगवतीला आणि मावळतीला विहिरीवर हजर होता. ढगाळ दिवशी ते चिंचेकडे बघत. संध्याकाळी तिची पाने मिटायला लागतात त्यावरून अंदाज घेत. उदगीरला सकाळी जाऊन दुपारी परत फिरत. त्यांच्या एकुलत्या लेकीचे, जगदेवीचे लग्न लागले ते खालल्या वाडीत, ईश्वरप्पांच्या घरी. तेव्हासुद्धा अक्षता पडल्यावर हा बाप जेवणाच्या पंगतीतून उठून विहिरीवर आला होता. पंगतीतल्या कोणी तरी विचारले, "व्याही रुसले का काय?" तेव्हा नीलम्मा, म्हणजे माणिकप्पांची बायको, म्हणाल्या होत्या, "रुसले न्हाईत. सूर्य बुडवायला गेले."

हे सगळे मला नंतर कळले. त्या पहिल्या संध्याकाळी, सतरा मार्चला, मी नुसता यादी घेऊन उभा होतो. त्या वर्षी दिवस वरल्या वाडीचा होता. वरल्या वाडीच्या बायका शेवटच्या घागरी काढत होत्या. त्यांच्यावर देखरेख करायला भुजंग उभा होता. तो वाडीचा पुढारी, पस्तिशीचा, आवाज मोठा. पायरीच्या कडेला त्याची चुलती विठाबाई मिसरी लावत बसली होती. पलीकडे खालल्या वाडीचे ईश्वरप्पा रात्रीची पाळी सुरू होण्याची वाट बघत होते.

माणिकप्पांनी काठी ठेवली.

"लई घाई करता बगा तुमी," विठाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "अजून कड दिसून राहिली. दोन घागरी गेल्या आमच्या."

"दोन न्हाईत, विठाबाई. कड पण न्हाई. तुमच्या डोळ्यात मिसरी गेली असंल."

बायका हसल्या. हे रोजचेच असावे.

मी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि खिशातली डायरी काढली. एका कापड दुकानाने वाटलेली डायरी; तिच्या मागच्या पानावर सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक होते. दिवस जवळजवळ बारा तासांचा भरला होता. मला काही तरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "काका, मग पाळी चार दिवसांत फिरणार तर."

"न्हाई बाबू. संक्रांतीला. अजून महिना हाय."

"पण दिवस-रात्र सारखे एकवीस मार्चला होतात. संक्रांतीपर्यंत दिवस रात्रीपेक्षा तासाभराने मोठा झालेला असतो."

शाळेत शिकलेली गोष्ट होती. मी ती इतक्या सहज बोललो की बोलून झाल्यावर डायरी बंद करून खिशात ठेवली. मग लक्षात आले की विहिरीवर कोणीच हालत नाही.

"तासाभरानं?" ईश्वरप्पा हळूच म्हणाले. "म्हंजी चाळीस घागरी?"

"म्हंजी घरटी एक घागर," त्यांच्या मागची एक बाई म्हणाली.

भुजंग माझ्यापाशी आला. "साहेब, तुमी लातूरचे ना? मग नांदेडच्या वाडीचं पाणी कवापासून मोजायला लागले?"

माणिकप्पा काठी उचलायचे विसरले होते. खालल्या वाडीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन तशाच उभ्या होत्या.

त्या रात्री मी उदगीरला मुक्कामावर परतलो, पण माझे चित्त ठिकाणावर नव्हते. दुसऱ्या दिवशी शिवमूर्ती मास्तरांकडे गेलो. ते निवृत्त शिक्षक. भूगोल आणि पंचांग दोन्ही जाणणारे. त्यांनी मला पाटीवर काढून दाखवले. फार पूर्वी कधी तरी मेष संक्रांत आणि सारखा दिवस एकत्रच होते. पण संक्रांत ताऱ्यांवरून मोजतात आणि दिवसाची लांबी ठरते पृथ्वीच्या कलण्यावरून. या दोन मापांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवसाचा फरक पडतो. साचत साचत तो आता चोवीस दिवसांवर आला आहे.

"म्हणजे पंचांग चुकले?" मी विचारले.

"पंचांग दुसरे काही मोजते. तुझ्या पंचांनी त्याला भलतेच विचारले," मास्तर म्हणाले.

वीस तारखेला दुपारी मी पुन्हा विहिरीवर गेलो. कार्यालयाचे काम नव्हते. वाटेत वरल्या वाडीच्या पारावर सात-आठ जण कुऱ्हाडींना धार लावत बसलेले दिसले. लाकडे फोडायची असतील, असे मी स्वतःला सांगितले. त्या माळावर फोडण्याजोगे लाकूड मला कुठे दिसले नाही. खालल्या वाडीने तर उघडच सांगितले होते, की एकवीसला पाळी फिरली नाही तर बावीसला उगवतीपासून आम्ही विहिरीत उतरणार, काठी असो वा नसो.

माणिकप्पा अंगणात बसले होते. अंगणाच्या मध्ये एक काठी उभी रोवलेली होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना, आठ-आठ हातांवर, लहान खुंट्या. त्यांच्यामध्ये दोरी ताणलेली.

"हे काय?"

"तुमची डायरी तपासून राहिलो," ते म्हणाले.

तरुणपणी ते एका मठाच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली होते. दाराची पूर्व धरायची तेव्हा गवंडी काठीच्या सावलीवरून धरायचे, ते त्यांच्या लक्षात होते. सूर्य उगवला की काठीची सावली पडते त्या रेषेवर एक खुंटी ठोकायची. मावळताना सावली उलट्या अंगाला पडते, तिथे दुसरी. दोन्ही खुंट्यांना दोरी ताणायची. सूर्य नीट पूर्वेला उगवून नीट पश्चिमेला मावळला असेल तर दोरी मधल्या काठीला लागते. त्या दिवशी सूर्याची अर्धी फेरी वर आणि अर्धी खाली, म्हणजे दिवस-रात्र सारखे. नाही तर दोरी आणि काठीत अंतर राहते.

"अठराला चार बोटं अंतर होतं," ते म्हणाले. "काल तीन बोटं. आज सकाळची खुंटी ठोकली, संध्याकाळची बाकी हाय. पण मला दिसून राहिलं. उद्या लागंल."

मी मास्तरांकडून ऐकलेले सगळे सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले.

"म्हंजी चूक कुणाची?"

"कोणाचीच नाही, काका."

"मग पाणी कुणाचं?"

आत चुलीपाशी नीलम्मा म्हणाल्या, "तुमी त्यादिवशी बोलला नसता तर बरं झालं असतं बाबू." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले.

"बोलले ते खरंच बोलले," माणिकप्पा म्हणाले. "पण मी फिरवली पाळी, तर वरली वाडी काय म्हणंल? लेक खालल्या वाडीत दिली, तिच्यासाठी सूर्य पण हलवला म्हाताऱ्यानं. नाही फिरवली, तर खोटं ठाऊक असून मी काठी धरली. आजवर ठाऊक नव्हतं, तवर झोप यायची."

तेवढ्यात जगदेवी आली. कडेवर तीन महिन्यांचे मूल, डोक्यावर रिकामी कळशी. ओसरीवर टेकली आणि बापाकडे न बघता एका दमात म्हणाली, "मामंजीनं सांगून धाडलंय, की व्याही हायेत तर व्याह्यासारखं वागा. उद्या पाळी फिरवा. फिरवली न्हाई तर सणावाराला पोरीला माहेरी धाडणार न्हाई."

"झालं सांगून?"

"त्यांचं झालं." मग तिने वर पाहिले. "अप्पा, माझं ऐका. फिरवायची तर फिरवा, न्हाई तर नका फिरवू. पण माझ्या नावानं काही करू नका. वरल्या वाडीच्या बाया मला पाणवठ्यावर बघून थुंकून राहिल्या. हे पोरगं उद्या कुणाच्यात खेळंल?"

नीलम्मांनी आतून घागर आणली आणि कळशीत पाणी ओतायला वाकल्या. माणिकप्पांनी हाताने अडवले.

"नको."

"लेकरू हाय तिच्या अंगावर!"

"तिच्या वाडीला पाळी हाय. आज आपल्या घरातून कळशी भरून गेली, तर उद्या मी काय बी सांगितलं तरी खोटं पडंल."

जगदेवीने रिकामी कळशी उचलली. "बरोबर हाय अव्वा, नको ओतू," ती म्हणाली आणि गेली. नीलम्मा घागर तशीच हातात धरून बराच वेळ दारात उभ्या होत्या.

संध्याकाळची खुंटी ठोकून दोरी ताणली, तेव्हा दोरी आणि काठीत एक बोट जेमतेम राहिले. त्या रात्री माणिकप्पा जेवले नाहीत, असे नीलम्मांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले.

एकवीस तारखेला, शुक्रवारी, मावळतीच्या आधी दोन्ही वाड्या विहिरीवर जमल्या. बायका, म्हातारेकोतारे, सगळे. भुजंगबरोबर पारावरचे ते सात-आठ जण होते आणि कुऱ्हाडी खांद्यावर होत्या. ईश्वरप्पांच्या बाजूला काठ्या होत्या. मला कोणी तरी "हाच तो" म्हणून बोट करून दाखवले. मी निघून जायला हवे होते. पण ज्याच्या बोलण्यावरून हे झाले त्याने निघून जाणे मला जमेना.

माणिकप्पांनी आदल्या दिवशीचे सगळे उपटून अंगणातली काठी आणि खुंट्या पहाटेच विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत आणल्या होत्या. सकाळची खुंटी त्यांनी उगवतीला वरल्या वाडीच्या बायकांसमोर ठोकली होती. आता सूर्य खाली टेकला. काठीची लांब सावली पूर्वेला ओढ्याकडे गेली. त्यांनी भुजंगला बोलावले.

"सावलीवर खुंटी तू ठोक. माझा हात नको."

भुजंगने आधी इकडे तिकडे पाहिले, मग ठोकली. माणिकप्पांनी दोरीचे एक टोक त्याच्या हातात दिले, दुसरे ईश्वरप्पांच्या. "ताणा."

दोरी ताणली गेली आणि मधल्या काठीला घासून उभी राहिली. मुंगी जायला जागा नव्हती.

"आज दिस-रात सारखे," माणिकप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण ऐकू आला. "संक्रांतीला हीच दोरी एक हातभर सुटंल. ज्याला पाहायचं त्यानं त्या दिवशी यावं. सव्वीस वर्षं मी चुकीच्या दिवशी पाळी फिरवली. माझ्या बापानं पण. कधी ह्या वाडीचं नुकसान झालं, कधी त्या वाडीचं. फैसल्यात संक्रांत न्हाई, फैसल्यात सारखा दिस हाय. पाळी फिरते त्या दिवशी ज्यांचा दिस त्यांचीच रात, हा रिवाज हाय, म्हणून आजची रात वरल्या वाडीचीच. उद्या उगवतीपासून दिस खाललीचा, रात वरलीची."

"वा!" भुजंगने दोरी टाकली. "हिवाळाभर रात लांब होती तवा पाणी त्यांनीच नेलं. तवा तुमची दोरी कुठं होती? लेकीच्या घरी पाणी कमी पडलं की दोरी निघाली!"

"तोंड सांभाळ," ईश्वरप्पांकडचा एक जण पुढे आला.

खांद्यावरची एक कुऱ्हाड खाली आली. कोणी तरी लहान मुलांना मागे ओढले.

माणिकप्पा दोघांच्या मध्ये आले नाहीत. ते पायरीपाशी गेले, बाभळीची काठी उचलली आणि विठाबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"विठाबाई, वीस वर्षं तुमी रोज म्हणता, काठी घाईनं ठेवली, उशिरानं उचलली. धरा. उद्यापासून तुमच्या डोळ्यानं उगवायचं आणि तुमच्या डोळ्यानं मावळायचं."

विठाबाईच्या हातातली मिसरीची डबी खाली पडली. "मी? मी तर वरल्या वाडीची."

"म्हणूनच. लेक माझी त्या वाडीत, आन पाणी जातंय तुमच्या ह्या वाडीचं. मी सांगितलेलं तुमी मानणार न्हाई. तुमी सांगितलेलं दोन्ही वाड्या मानतील."

"आन तुमची घागर?" कोणी तरी विचारले.

"घागर काठीची हाय. काठी जिकडं, घागर तिकडं."

नीलम्मांनी पदर तोंडाला लावला. माणिकप्पांचे घर कोणत्याच वाडीत नव्हते. त्यांना पाळी नव्हती. त्या घागरी गेल्या म्हणजे त्या घराला विहिरीवर काहीच उरत नव्हते. हे सगळ्यांना माहीत होते.

"काकू, घेऊ नको," भुजंग म्हणाला. "हा डाव हाय."

विठाबाईने त्याच्याकडे पाहिले. "तू गप. तुला उगवतीला जाग येती का?" तिने काठी घेतली. "म्हाताऱ्यानं आपल्याच घरचं पाणी तोडलंय. असला डाव तू खेळून दाखव मला."

कुऱ्हाडी खाली गेल्या नाहीत, पण वरही आल्या नाहीत. लोक हळूहळू पांगले. पण भांडण मिटले आहे असे कोणालाच वाटत नव्हते. सगळ्यांचे डोळे उद्याच्या उगवतीवर होते. त्या पहाटे वरली वाडी पाणी काढत असणार आणि ते थांबवायची काठी वरल्या वाडीच्याच बाईच्या हातात असणार.

मी माणिकप्पांच्या ओसरीवर पडलो. पहाटे उठलो तेव्हा नीलम्मा दोन घागरी घेऊन ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळूतल्या पाण्यासाठी झिरा उकरायला गेल्या होत्या. माणिकप्पा दारात उभे होते. विहिरीकडे जाण्याचा त्यांना आता अधिकार नव्हता, आणि पाय तर तिकडेच ओढत होते. वरल्या वाडीच्या बायका भराभर घागरी काढत होत्या. खालल्या वाडीच्या बायका पायरीच्या पलीकडे रांगेत. विठाबाई काठी मांडीवर घेऊन पूर्वेकडे तोंड करून बसली होती.

सहा पंचवीस. माळावर सूर्याची कड दिसली.

विठाबाई उठली नाही.

"उगवला!" ईश्वरप्पा ओरडले. "विठाबाई, उगवला!"

ती ढिम्म. आत बायका पाणी काढतच होत्या. भुजंग हात बांधून हसत होता. माणिकप्पांनी दाराची चौकट धरली. एक मिनिट गेले. खालल्या वाडीचे दोन जण काठ्या घेऊन पायरीकडे निघाले. माणिकप्पांचे ओठ हलत होते. ते बहुधा मनातल्या मनात घागरी मोजत होते. पण ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर काठी पुन्हा त्यांचीच झाली असती आणि मग कोणाचीच उरली नसती. सूर्य पूर्ण वर आला, माळापासून सुटा झाला, तेव्हा विठाबाईने काठी आडवी केली.

"या बाहेर," ती आपल्या वाडीच्या बायकांना म्हणाली.

"चार मिनिटं," मी घड्याळ बघून म्हणालो.

"अडीच घागरी," माणिकप्पा म्हणाले. त्यांनी चौकट सोडली नाही.

खालल्या वाडीत दिवसभर त्याच अडीच घागरींची चर्चा चालली. ईश्वरप्पा दुपारी एकदा येऊन गेले. "हे असं रोज चालायचं का व्याही? तुमी लबाडाच्या हाती काठी दिली." माणिकप्पा म्हणाले, "संध्याकाळ होऊ द्या." नीलम्मांनी झिऱ्याचे गढूळ पाणी फडक्याने गाळून ठेवले होते. भाकरी केली, ती माणिकप्पांनी शिवली नाही. मी लातूरला निघायला हवे होते, गेलो नाही.

संध्याकाळी मांडणी उलटी होती. आत खालल्या वाडीच्या बायका पाणी काढत होत्या आणि बाहेर वरल्या वाडीचे लोक आपल्या रात्रीची वाट बघत होते. विठाबाई आता पश्चिमेकडे तोंड करून बसली होती.

सूर्य टेकला. अर्धा झाला. कड राहिली. गेली.

विठाबाई उठली नाही.

"काकू!" भुजंग ओरडला. "बुडाला! ठेव काठी!"

"दिसून राहिलं मला."

"मग ठेव की! ते पाणी काढून राहिले आपलं!"

विठाबाई आपल्या पुतण्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी जेवढं थांबले तेवढं थांबू दे. सकाळी पूर्ण सुटेपर्यंत थांबले, आता अंधारल्यावर ठेवीन. माझा सूर्य असाच हाय. दोन्ही वाड्यांना तोच."

वरल्या वाडीत कुजबुज झाली. मग मागून एक म्हातारी हसली आणि तिच्याबरोबर दुसरी. खालल्या वाडीच्या बायकांनी घाईने दोन घागरी आणखी काढल्या. तिसरी अर्धी भरली तेव्हा विठाबाईने काठी आडवी ठेवली.

भुजंग काही तरी पुटपुटला आणि त्याने खांद्यावरची कुऱ्हाड दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग तो वाडीकडे चालू लागला. त्याच्या मागे बाकीचे.

"किती झालं बाबू?" माणिकप्पांनी विचारले.

"चार मिनिटं, काका."

"आन सकाळी?"

"चारच."

त्यांनी मला पुन्हा विचारले, "नक्की चार?" मी घड्याळ त्यांच्यापुढे धरले. त्यांना काटे नीट दिसत नव्हते, तरी ते बराच वेळ बघत राहिले. मग ओसरीवर बसले आणि आत वळून म्हणाले, "नीलम्मा, भाकर दे."

त्या उन्हाळ्यात विठाबाईने काठी धरली आणि पुढे दोन वर्षे, हातपाय चालेनासे होईपर्यंत, धरली. तिचा दिवस खऱ्या दिवसापेक्षा चार मिनिटे मागे चालायचा, पण त्याची लांबी बरोबर होती, आणि वाड्यांना लांबीशी मतलब होता. संक्रांतीला दहा-बारा माणसे मुद्दाम दोरी ताणायला आली आणि हातभर सुटलेली दोरी पाहून माघारी गेली. माणिकप्पांचे घर मात्र त्या वर्षी झिऱ्यावरच जगले. जगदेवीने दोनदा कळशी आणली, दोनदा परत नेली. ईश्वरप्पांनी तिला सणाला धाडले. वरल्या वाडीत तिच्या मुलाला कोणी खेळायला घेतले की नाही, हे मला विचारायला जमले नाही.

माझ्या यादीत त्या विहिरीपुढे गावाचा रकाना शेवटपर्यंत कोराच राहिला. साहेबांनी विचारले तेव्हा मी सांगितले, अर्धी नांदेडची, अर्धी लातूरची. त्यांनी विचारले, अर्धी म्हणजे किती? मी म्हणालो, सध्या दिवस रात्रीपेक्षा मोठा आहे, आज विचाराल तर लातूरची अर्ध्याहून थोडी जास्त.